साधी सायकल अंगाला बसवायची कशी: आधी पाना, मग खर्च

नवीन साधी सायकल घेतली, आठवडाभर चालवली आणि आता बूड दुखतंय, मनगटं आखडतायत, मानेत कळ येतेय, म्हणून सीटवर टाकायला जेल कव्हर शोधत असाल तर जरा थांबा, आधी हे वाचा आणि मग काय घ्यायचं ते घ्या. मी बरीच वर्षं रोज साध्याच सायकलवर येजा करतो, स्टीलची फ्रेम, पुढे एक चकती, मागे सात गिअर, आणि त्याच सायकलवर आता सलग तीन-चार तास बसलो तरी कुठे काही दुखत नाही. पण तिथवर पोचायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली कारण मी क्रम उलटा धरला होता, आधी वस्तू आणत गेलो आणि सीट-हँडल नीट लावायला फार उशिरा शिकलो. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

मुद्दा एकच आहे. तुमचं शरीर सायकलला तीन ठिकाणी टेकतं, सीट, हँडल आणि पायडल, आणि सायकल जमिनीला टेकते ती टायरवर. त्रास जो काही होतो तो बहुतेक या चार जागांपैकीच कुठूनतरी येतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त त्रास एक रुपयाही खर्च न करता नुसता पाना फिरवून जातो. उरलेल्यासाठी पार्ट बदलायचे, तेही एका वेळी एकच. हे एका वेळी एकच फार महत्त्वाचं आहे, कारण सीट, ग्रिप आणि स्टेम (हँडल पकडून सायकलला जोडणारा तुकडा) तिन्ही एकाच रविवारी बदललं आणि सोमवारी गुडघा दुखला तर तो कशामुळे दुखला हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

पायरी १: मापं लिहून ठेवा

कशालाही हात लावायच्या आधी आत्ता सायकल जशी आहे तशी मोजून घ्या. क्रँकच्या (पायडल ज्याच्या टोकाला लागतं तो दांडा) बरोबर मधल्या बिंदूपासून, म्हणजे तो ज्याभोवती फिरतो तिथून, सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि जमिनीपासून हँडल किती उंच. तीन आकडे वहीत किंवा फोनमध्ये लिहा, वर तारीख टाका. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा मारा. काही बिघडलं तर मागे येता येतं म्हणून ही खटपट.

हत्यारं फार लागत नाहीत. ४, ५ आणि ६ नंबरची ॲलन की, पायडलसाठी १५ चा पाना (तो पातळ लागतो, जाड पाना पायडल आणि क्रँकच्या फटीत शिरत नाही), जुन्या पद्धतीच्या सीट क्लॅम्पसाठी १३ आणि १४ चा पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, दोन टायर लिव्हर, थोडं ग्रीस, चेनचं तेल आणि प्रेशर दाखवणारा पंप. पंपाला मीटर असायलाच हवा, अंगठ्याने दाबून हवा बघायची सवय सोडून द्या, कडक टायर अंगठ्याला ४० पीएसआयला जसा लागतो तसाच ६० ला लागतो.

आणि एक गोष्ट आधीच तपासा, फ्रेमचा साईझ. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभे राहिलात तर दांडी आणि जांघ यांच्यात निदान दोन-तीन सेंटीमीटर जागा हवी. ती नसेल, किंवा हँडल इतकं लांब असेल की कोपर सरळ ताणल्याशिवाय हात पोचतच नाही, तर फ्रेमच मोठी आहे आणि पुढचं काहीही करून ती लहान होणार नाही. अशा सायकलवर खर्च करू नका, ती कोणा उंच माणसाला द्या.

पायरी २: सीट, आणि इथे घाई करू नका

साध्या सायकली चालवणारे बहुतेक लोक सीट फार खाली ठेवतात, कारण सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटतं. पण मग गुडघा प्रत्येक फेरीत खूप जास्त वाकतो आणि थोड्याच दिवसांत वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. योग्य उंचीवर बसलात की फक्त चवडा टेकतो, थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं असतं. ही सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात, बस्स.

उंची लावायची सगळ्यात सोपी पद्धत: भिंतीला टेकून सायकलवर बसा, पायात रोजचे बूट घाला, पायडल खाली आणा म्हणजे क्रँक सीटच्या नळीच्या सरळ रेषेत येईल, आणि त्यावर टाच ठेवा. टाच ठेवल्यावर पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे पण कंबर त्या बाजूला झुकता कामा नये. मग चालवताना पायाचा पुढचा भाग पायडलवर येतो आणि गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो, साधारण २५ ते ३५ अंश, आणि तेवढाच तो हवा. आकड्यात हवं असेल तर अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, एक जाड पुस्तक दोन पायांच्या मधे वरपर्यंत घट्ट दाबून धरा, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्याला ०.८८३ ने गुणा. ही पद्धत तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखली जाते. माप ८० सेंटीमीटर आलं तर सीट क्रँकच्या मध्यापासून साधारण ७०.६ सेंटीमीटरवर. शर्यतवाल्यांचा आकडा आहे, आपण तो सुरुवातीला धरायचा आणि मग अर्धा अर्धा सेंटीमीटर वरखाली करत बघायचं. मागून कोणाला तरी चालत्या सायकलचा व्हिडिओ काढायला सांगा, कंबर डावी-उजवीकडे हलत असेल तर सीट उंच आहे. गुडघ्याच्या मागच्या बाजूला ओढ बसत असेल तरी उंचच आहे. पोस्टवर एक रेघ कोरलेली असते, ती कधीही फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये, दिसत असेल तर लांब पोस्ट घ्या, तसंच चालवू नका, फ्रेम तिथून चिरते.

मग सीट पुढे-मागे. दोन्ही क्रँक आडवे करा, पुढच्या पायाच्या वाटीच्या खालून दोऱ्याला नट बांधून सोडा, दोरा साधारण पायडलच्या एक्सलवरून (पायडल ज्यावर फिरतं त्या दांड्यावरून) गेला पाहिजे. पुढे-मागे सेंटीमीटरभर चालतं. सीट मागे सरकवली की पायाचं अंतर पण थोडं वाढतं, म्हणून उंची परत तपासा.

आता तिरकेपणा, आणि याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण माझा सगळ्यात मोठा त्रास यातूनच आला होता. मला सीटच्या टोकाचा दाब नको वाटायचा म्हणून मी टोक खाली केलं, दिसायला अगदी थोडं. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दोन आठवड्यांनी उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं, इतकं की सकाळी शर्टाचं बटण लावताना बोटांना बटण कळायचं नाही. मी ग्लोव्ह्ज घेतले, जाड ग्रिप घेतल्या, काही फरक नाही. खरं कारण असं होतं की टोक खाली असल्यामुळे अंग सतत पुढे घसरत होतं आणि ते अडवायला मी पूर्ण वेळ हातांनी हँडल ढकलत होतो, आणि तळहाताच्या बुडाशी करंगळीच्या बाजूने जी नस जाते ती सगळा वेळ दाबली जात होती. पातळी दाखवणारा बुडबुड्याचा लेव्हल सीटवर ठेवला, सीट सपाट केली, आणि तिसऱ्या आठवड्यात बोटं पूर्ण जागेवर आली. म्हणून सांगतो, हात दुखत असेल तर आधी सीट बघा. सपाट हा सुरुवातीचा बिंदू, तिथून एखादा अंश इकडेतिकडे, त्यापेक्षा जास्त लागत असेल तर उंची चुकली आहे किंवा सीटच चुकीची आहे.

सीट बदलायची वेळ कधी येते? वरचं सगळं करून निदान दोन आठवडे चालवल्यावर. नव्या माणसाचं बूड पहिल्या आठवड्यात कोणत्याही सीटवर दुखतं, ते हाडांच्या जागी असेल तर सवयीने जातं, पण मधल्या मऊ भागात बधिरपणा येत असेल तर तो सवयीने जात नाही आणि जायची वाट पण बघू नका. सीट निवडताना मऊपणा बघू नका, रुंदी बघा. घरी मोजता येते, कोरोगेटेड पुठ्ठ्याचा तुकडा कडक पायरीवर ठेवा, त्यावर बसा, पाय थोडे उचलून धरा, उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. हाताने चाचपून त्यांचे मध्य शोधा आणि दोन मध्यांमधलं अंतर मोजा. त्यात २० ते २५ मिलीमीटर मिळवा, साधारण तेवढ्या रुंदीची सीट शोधा. हँडल उंच ठेवून ताठ बसत असाल तर अजून थोडी रुंद, पुढे वाकून चालवत असाल तर थोडी अरुंद. फार मऊ जेलच्या सीटमध्ये हाडं खाली रुततात आणि मधला मऊ भाग वर दाबला जातो, म्हणून दुकानात अंगठ्याने दाबून छान वाटणारी सीट तासाभरात नकोशी होते. वर घालायचं जेल कव्हर तर सरकतं पण, मांडीला घासतं.

पोस्टही बदलणार असाल तर जुन्या पोस्टच्या तळाशी व्यास कोरलेला असतो तो वाचा, २५.४, २७.२, ३०.९ असे आकडे असतात. इथे ०.२ मिलीमीटरनेही फरक पडतो, जवळपासचा चालेल असं म्हणून घेऊ नका, एकतर शिरणार नाही नाहीतर चालवताना हळूहळू खाली बसत राहील. बसवताना स्टीलच्या फ्रेममध्ये ग्रीस लावूनच बसवा, नाहीतर वर्षभराने पोस्ट फ्रेमला धरून बसतो आणि मग तो काढणं हा वेगळाच उद्योग होतो.

पायरी ३: हँडल

आरामात चालवायचं असेल तर हँडल सीटच्या पातळीला किंवा त्याहून चार-पाच सेंटीमीटर वर ठेवून सुरुवात करा. ते वर कसं घ्यायचं हे तुमच्या सायकलला कोणता स्टेम आहे यावर आहे. जुन्या पद्धतीचा म्हणजे पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या नळीत वरून उतरलेला, डोक्यावर एक बोल्ट असलेला स्टेम असेल तर काम सोपं आहे. बोल्ट तीन-चार आटे सैल करा, काढू नका, वर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने एक टोला मारा, आतली पाचर सुटते, मग हँडल वर ओढा, चाकाच्या रेषेत करा आणि घट्ट आवळा. इथेही तीच कोरलेली रेघ असते, ती आतच राहिली पाहिजे.

दुसरा प्रकार म्हणजे नळीवर बाहेरून पकडणारा, बाजूला दोन बोल्ट असलेला स्टेम. यात नळी कारखान्यातच कापलेली असते त्यामुळे स्टेम वर ओढता येत नाही. स्टेम उलटा बसवून बघा, बऱ्याच स्टेमला थोडा चढ असतो आणि उलटल्यावर हँडल दोन-तीन सेंटीमीटर वर येतं, फुकटात. त्याने भागलं नाही तर मधे उंचावलेलं हँडल घ्या, किंवा नळीवर बसणारा एक्स्टेंडर. परत लावताना क्रम चुकवू नका, आधी वरच्या टोपीचा बोल्ट, तोही फक्त खडखड जाईल इतकाच, आणि मग बाजूचे दोन आलटून पालटून. टोपीचा बोल्ट बेअरिंगमधला ढिलेपणा काढतो, हँडल धरून ठेवायचं काम बाजूचे दोन करतात. झाल्यावर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हँडलखाली बोट ठेवा, टकटक जाणवली तर अजून ढिलं आहे, आणि हँडल वळताना अडतंय तर जास्त आवळलंय.

सरळ काठीसारख्या हँडलने मनगट दुखत असेल तर टोकं मागे वळलेलं हँडल हा मला सगळ्यात जास्त समाधान देणारा बदल वाटतो. हात बाजूला सैल सोडून बघा, तळवे एकमेकांकडे तोंड करून असतात, आणि सरळ हँडल त्यांना जमिनीकडे पिरगाळतं. मागे वळलेल्या हँडलवर मनगट जवळजवळ मूळ अवस्थेत राहतं. घेताना मधल्या पकडीच्या जागेचा व्यास बघा, साध्या सायकलवर बहुतेक २५.४ मिलीमीटर असतो, नव्यांवर ३१.८. ग्रिपची जागा २२.२ असते. आणि वळलेलं हँडल हात मागे आणतं, तेव्हा आधीच सायकल आखूड वाटत असेल तर गुडघा हँडलला लागत नाही ना हे बघून घ्या. केबलपण पुरल्या पाहिजेत.

ब्रेक लिव्हर कोणीच हलवत नाही आणि त्याचा तर पाच मिनिटांत फरक पडतो. सीटवर नेहमीसारखे बसा, बोटं सरळ पसरा, मनगट न वाकवता बोटं लिव्हरवर यायला हवीत. लिव्हरचा बोल्ट सैल करून तेवढा फिरवा. हात लहान असतील तर बऱ्याच लिव्हरला आतल्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. ग्रिप बदलायच्या तर जुनी काढायला खाली स्क्रू ड्रायव्हर घालून थोडं साबणाचं पाणी सोडा आणि पिळा, नवीन बसवायला सॅनिटायझर वापरा, तो उडून जातो आणि ग्रिप फिरत नाही. तेल किंवा ग्रीस इथे अजिबात नको. तळहाताखाली पंखासारखा सपाट भाग असलेल्या ग्रिप मिळतात, लांब चालवणाऱ्यांनी त्याच घ्याव्यात.

पायरी ४: टायर आणि हवा

जॉन बॉईड डनलॉप नावाचा जनावरांचा डॉक्टर होता, त्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेच्या रबरी नळ्या बसवल्या आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. त्याआधी सायकली भरीव टायरवर धडधडत चालायच्या. आजही साध्या सायकलचं खरं सस्पेन्शन म्हणजे टायरमधली हवाच, आणि सीट-हँडल लागल्यावर पहिला पैसा मी टायरवर घालायला सांगेन.

टायरच्या बाजूला जो आकडा असतो तो कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायलाच हवी असं नाही. २६ बाय १.९५ चा टायर आणि ७० किलोच्या आसपासचा माणूस, तर पुढे ३५-४० आणि मागे ४०-४५ पीएसआयने सुरुवात करा. मागच्या चाकावर वजन जास्त येतं म्हणून मागे जास्त. टायर अरुंद असेल किंवा वजन जास्त असेल तर वाढवा. दर दोन दिवसांनी तीन-तीन पीएसआय बदलत जा, हात झिणझिणतायत तर कमी करा, वळताना टायर लुळा वाटला किंवा खड्ड्यात रिम टणकन आपटली तर वाढवा. ट्यूबमधून हवा आपोआप कमी होतच असते, आठवड्यातून एकदा मोजा.

डांबरी रस्त्यावरच चालवत असाल आणि सायकलला जंगलात जायचे गुठळ्यांचे टायर असतील तर ते काढा. ते घोंघावतात, धक्के देतात आणि दमवतात. त्याच मापाचे गुळगुळीत, जमेल तेवढे रुंद टायर घ्या. रुंद टायरमध्ये कमी हवा ठेवता येते, आराम तिथूनच येतो. फक्त फ्रेम, चिमटा आणि मडगार्डपासून प्रत्येक बाजूला पाचेक मिलीमीटर तरी जागा राहिली पाहिजे.

मापात मात्र बरेच लोक फसतात. नुसतं २६ इंची म्हणून टायर आणू नका. २६ बाय १.९५ आणि २६ बाय १ ३/८ ही दोन्ही २६ इंचीच म्हणवतात पण पहिला ५५९ मिलीमीटरच्या रिमचा आहे आणि दुसरा ५९० च्या, एकमेकांच्या रिमवर ते बसत नाहीत. तसंच ७०० सी आणि २९ इंची नावं वेगळी पण रिम दोन्हींची ६२२. जुन्या उंच सायकलींचा २८ बाय १ १/२ म्हणजे ६३५. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ५०-५५९ असा आकडा असतो, पहिला रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दुसरा आकडा जुळला पाहिजे, बाकीच्या नावांकडे लक्ष देऊ नका. नवा टायर चढवताना आतली रिम टेप स्पोकची सगळी भोकं झाकते का ते बघा, ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरून तिला आकार द्या, शेवटचा भाग व्हॉल्व्हजवळ ठेवा आणि शक्यतो अंगठ्यांनीच चढवा. बरीच नवी पंक्चर लिव्हरमध्ये ट्यूब चिमटून होतात.

पायरी ५: पायडल

साध्या सायकलवरचं गुळगुळीत प्लास्टिकचं पायडल ओल्या बुटाखालून सटकतं. रुंद, सपाट, वर बारीक खिळे असलेलं पायडल घ्या, पायाचा दाब पसरतो आणि तळवा जळजळत नाही. मोठ्यांच्या सायकलींना बहुतेक ९/१६ इंचाचे आटे असतात, पण क्रँक आणि त्याचा फ्रेममधून आरपार जाणारा दांडा असा सगळा एकच अखंड तुकडा असेल तर १/२ इंच, ते बघून घ्या.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायची सोपी रीत म्हणजे पाना एक्सलच्या वर उभा धरा, सायकलच्या पुढच्या चाकाकडे फिरवलं की घट्ट, मागच्या चाकाकडे फिरवलं की सैल, दोन्ही बाजूंना हेच. एका दुकानात घाईघाईत माझं डावं पायडल तिरकं धरून पान्याने रेटलं गेलं आणि ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे गेले, क्रँकच बदलावा लागला. तेव्हापासून मी हे काम स्वतः करतो, आट्यांना ग्रीस लावून पहिले चार-पाच फेरे फक्त बोटांनी, बोटांनी फिरत नसेल तर ते तिरकं आहे, काढायचं आणि परत लावायचं.

पायरी ६: ब्रेक आणि केबल

ब्रेकवर विश्वास असला की हँडलवरची पकड आपोआप सैल होते, म्हणून हे आरामाचंच काम आहे. आधी ब्रेक शू बघा, खाचा झिजून गेल्या असतील तर बदला, रबरात रुतलेले चकाकणारे धातूचे कण असतील तर टोकदार वस्तूने काढा, ते रिम खरवडतात. शू रिमच्या मधोमध टेकला पाहिजे, टायरला लागला तर टायर कापला जातो आणि रिमच्या खाली उतरला तर एक दिवस आरपार स्पोकमध्ये जातो. चुंईं आवाज येत असेल तर शूचा पुढचा भाग मागच्यापेक्षा मिलीमीटरभर आधी टेकेल असा लावा.

लिव्हर जड वाटत असेल तर केबल बदला, आतली तार आणि बाहेरचं कव्हर दोन्ही. इथे एक धोका आहे, गिअरचं कव्हर ब्रेकला कधीही लावू नका. दिसायला सारखंच दिसतं पण त्यात सरळ तारा असतात आणि जोरात ब्रेक दाबल्यावर ते फाटू शकतं. ब्रेकच्या कव्हरमध्ये गुंडाळी असते. तसंच व्ही ब्रेकचा (रिमच्या दोन बाजूंना दोन उभे हात असलेला ब्रेक) लिव्हर जास्त तार ओढतो, जुन्या कॅलिपरचा (चाकाच्या वर एका बोल्टवर बसणारा ब्रेक) कमी ओढतो, त्यामुळे लिव्हर बदलताना ब्रेकच्या प्रकाराचाच घ्या. तुमच्या रिम स्टीलच्या असतील तर पावसात ब्रेक लागायला बरंच जास्त अंतर लागतं, रिमच ॲल्युमिनियमची करून घेणं हा त्यावरचा खरा उपाय. डिस्क ब्रेक बसवायचा विचार मात्र सोडा, फ्रेमला आणि हबला (चाकाच्या मधल्या भागाला) त्याची जागाच नसते.

पायरी ७: गिअर, किंवा गिअर नसलेली सायकल

चढावर जीव जातो म्हणून लोक गिअरवाली नवी सायकल घेतात, पण बिनगिअरच्या सायकलचं मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चकती, बदललं तरी खूप फरक पडतो. पुढे ४४ दाते, मागे १८ असतील तर पायडलच्या एका फेरीत चाक २.४४ वेळा फिरतं, २६ इंची सायकल साधारण पाच मीटर पुढे जाते. मागे २२ दात्यांचं लावलं की चाक बरोबर दोनदा फिरतं, चार मीटरच्या थोडं वर. सपाटीवर पाय जरा जलद फिरवावे लागतात पण गुडघ्यावरचा जोर स्पष्ट कमी होतो. मागे एक दाता वाढला की चाक साधारण ३ मिलीमीटर पुढे सरकवावं लागतं, तेव्हा चार दात्यांना १२-१३ मिलीमीटर, तेवढी जागा खाचेत नसेल तर चेनला एक जोड वाढवा. सात गिअरवाल्यांना १४-२८ च्या जागी १४-३४ चं फ्रीव्हील लावता येतं, फक्त मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दाते झेपणारा आहे का ते आधी विचारा. फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसतं आणि कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा दुसरा प्रकार, खाचांवर सरकवून, दोघांचे हब वेगळे असतात.

चेन मोजायला साधी पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा, १२ इंचावर पण पिनच्या मध्यालाच रेघ आली पाहिजे. १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला, १/८ गेली असेल तर मागचे दातेही झिजलेले असणार. तेल प्रत्येक जोडाला एक थेंब, पायडल उलटं फिरवा आणि मग फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढा, बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं.

सस्पेन्शनचा पुढचा चिमटा लावू का असं नेहमी विचारतात. साध्या सायकलला नको. स्वस्त सस्पेन्शन जड असतं, जोर लावताना खाली-वर डोलतं आणि लांब असल्यामुळे सायकलचं नाक वर उचलतं. तेवढ्याच पैशात रुंद टायर आणि चांगली सीट येते.

पायरी ८: वरचं सामान

मडगार्ड, कॅरियर, घंटी, आरसा, पाण्याची बाटली, दिवे, हे आपापल्या गरजेप्रमाणे. मला त्यातला कॅरियर सगळ्यात जास्त आरामाचा वाटतो, कारण पाठीवरची पाच किलोची बॅग म्हणजे सीटवर पाच किलो जास्त दाब, खांद्याला ओढ आणि घामाने भिजलेली पाठ. बॅग कॅरियरच्या बाजूला खाली लटकवली की सायकल स्थिर पण राहते, फक्त टाच बॅगेला लागत नाही ना हे बघा. पुढचा दिवा थोडा खाली रस्त्याकडे वळवा, समोरच्याच्या डोळ्यात मारू नका, मागचा लाल दिवा बॅगेमागे झाकला जाणार नाही असा लावा. मडगार्ड आणि कॅरियरचे बोल्ट धक्क्यांनी सुटतात, तिथे नायलॉनची रिंग असलेले नट वापरा.

हे सगळं झालं की आठवड्याने एकदा प्रत्येक बोल्टला पाना लावून बघा, स्टेम, हँडल, सीट, क्रँक, नवीन बसवलेलं सगळंच पहिल्या काही दिवसांत थोडं सैल पडतं. आणि वहीतले तीन आकडे नव्याने मोजून जुन्या आकड्यांखाली लिहा. पुढे कधी सीट बदललीत आणि नवी सीट जुन्यापेक्षा दीड सेंटीमीटर जाड निघाली, तर पोस्ट दीड सेंटीमीटर खाली घ्या आणि क्रँकच्या मध्यापासून सीटपर्यंत परत मोजा, वहीतला आकडा जुळेपर्यंत.